डार्टिंग्टन हॉल : वाडा, शेती आणि जमाखर्च

संस्थेचा इतिहास संस्थापकांपासून सुरू करायची आपल्याकडे रीत आहे. डार्टिंग्टनच्या बाबतीत ती मोडावी लागते. इथे संस्थेच्या आधी पाच शतके वाडा उभा होता, आणि तो पडका झाला होता म्हणूनच संस्थेला तिथे जागा मिळाली. २०२५ मध्ये या गोष्टीला शंभर वर्षे झाली. शंभर वर्षांत इथे शाळा निघाली, नृत्यशाळा निघाली, कलामहाविद्यालय निघाले, आणि यातले बरेच काही बंदही पडले. ज्या शेतीसाठी हा सारा उद्योग सुरू झाला ती मात्र मालक, कसणारे आणि पद्धती बदलत अजून चालू आहे. म्हणून हा इतिहास मुख्यतः शेतीचा आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हन परगण्यात, टॉटनेस हे जुने बाजाराचे गाव आहे. त्याच्या जवळच डार्ट नदी मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या आत ही जहागीर पसरली आहे. राजा दुसरा रिचर्ड याने ती आपला सावत्र भाऊ जॉन हॉलंड याला दिली. दोघांची आई एक, वडील वेगळे. हॉलंडने १३८८ ते १४०० या बारा वर्षांत इथे वाडा बांधला : एकरभराचे चौसोपी अंगण, एका अंगाला सत्तरेक फूट लांबीचे भव्य दालन, त्याला लागून मुदपाकखाना, भोवती आश्रितांच्या खोल्या. दालनाच्या प्रवेशद्वारावरच्या छतात रिचर्डचे चिन्ह, पांढरा हरीण, कोरलेले आहे. ते आजही पाहता येते. वाडा पुरता होतो न होतो तोच रिचर्डची गादी गेली. नव्या राजाविरुद्धच्या कटात हॉलंड सापडला आणि १४०० मध्येच त्याचा शिरच्छेद झाला. पुढे वाडा हातोहात फिरला. १५५९ मध्ये तो सर आर्थर चँपरनाउन यांच्याकडे आला आणि त्यांच्या घराण्यात ३६६ वर्षे राहिला.

या ३६६ वर्षांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही, पडझड तेवढी झाली. १८१३ मध्ये मोठ्या दालनाचे छप्पर धोकादायक म्हणून उतरवले गेले आणि पुन्हा घातले गेले नाही. त्यानंतर शंभरावर वर्षे त्या दालनात पाऊस पडत होता. घराण्याची माणसे उरलेल्या भागात राहत होती, पण एवढा पसारा सांभाळायला लागणारा खंड शेतीतून निघेनासा झाला. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आगबोटींनी येऊ लागला आणि इंग्लंडच्या जमीनदारीचे कंबरडे मोडले. पहिल्या महायुद्धात सरकारने धान्याला भावाची हमी दिली, ती १९२१ मध्ये काढून घेतली, आणि राहिलेसाहिले शेतकरीही गाळात गेले. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये जहागिरी विक्रीला निघाल्या होत्या आणि घ्यायला गिऱ्हाईक नव्हते.

डार्टिंग्टनला गिऱ्हाईक मिळाले, आणि तेही अमेरिकेच्या पैशाचे. ज्या देशाच्या गव्हाने इंग्रजी जहागिरी बुडवल्या, त्याच देशातल्या संपत्तीने ही जहागीर उभी केली.

वीरभूममधली उमेदवारी

लेनर्ड एल्महर्स्ट हा यॉर्कशायरमधल्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १८९३ चा. केंब्रिजला इतिहास शिकला. घरच्यांच्या मनात तोही पाद्रीच व्हायचा होता. महायुद्धात वाय.एम.सी.ए.च्या कामासाठी तो मेसोपोटेमियात आणि हिंदुस्थानात आला. अलाहाबादजवळ नैनी इथे सॅम हिगिनबॉटम या अमेरिकन मिशनऱ्याने शेतकी शाळा काढली होती, ती पाहून याच्या डोक्यातले धर्मशास्त्र मागे पडले आणि नांगर पुढे आला. १९१९ मध्ये तो शेतकी शिकायला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांचे वसतिगृह कर्जात होते. त्यासाठी वर्गणी मागायला तो न्यूयॉर्कला डोरोथी स्ट्रेट यांच्याकडे गेला. डोरोथी या विल्यम व्हिटनी या धनाढ्य राजकारण्याच्या कन्या. पती विलर्ड स्ट्रेट १९१८ च्या फ्लूच्या साथीत पॅरिसला वारले होते, पदरी तीन मुले होती. पतीसोबत त्यांनी ‘न्यू रिपब्लिक’ हे साप्ताहिक काढले होते, आणि देणगी देताना प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

१९२१ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर न्यूयॉर्कला होते. बंगालमधल्या वीरभूम जिल्ह्यात, शांतिनिकेतनपासून दोनेक मैलांवर, सुरूल गावी त्यांनी १९१२ मध्ये एक कोठी विकत घेऊन ठेवली होती. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी अधिकारी जॉन चीप याच्या काळची ती इमारत ओसाड पडली होती आणि भोवती मलेरिया माजला होता. तिथे खेड्यांसाठी काम सुरू करायला शेतकी जाणणारा माणूस त्यांना हवा होता. एल्महर्स्ट त्या वर्षअखेर बंगालमध्ये पोहोचला आणि ६ फेब्रुवारी १९२२ ला सुरूलची संस्था सुरू झाली. पुढे तिचे नाव श्रीनिकेतन झाले. खर्चाचा मोठा भाग डोरोथी उचलत होत्या.

सुरूलला काम सुरू झाले ते संडासापासून. भंगी ठेवायचा नाही, चर खणायचे, आपला मैला आपण मातीआड करायचा आणि त्याच जागी भाजी लावायची, हा नियम भद्र घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना आणि या साहेबाला सारखाच लागू होता. सोनखतावर वाढलेली भाजी पाहायला मग आजूबाजूचे शेतकरी येऊ लागले. गाव का खचले, याचे एल्महर्स्टने काढलेले निदान तीन शब्दांचे होते : माकडे, मलेरिया आणि परस्परांवरचा अविश्वास. माकडे फळे-भाज्या राहू देत नाहीत, मलेरिया माणसाला राबू देत नाही, आणि अविश्वासामुळे दोन घरे मिळून एक विहीरसुद्धा साफ करत नाहीत. पहिल्या दोहोंवर उपाय होता. तिसऱ्यावर रवींद्रनाथांचे उत्तर गाणे, नाटक आणि जत्रा हे होते. शेतकी खात्याच्या कोणत्याही अहवालात न बसणारे हे उत्तर एल्महर्स्टने मनावर घेतले. डार्टिंग्टनमध्ये पुढे जे जे वेगळे म्हणून गाजले त्याचे मूळ इथे आहे. इंग्लंडमधून हिंदुस्थानात योजना येण्याच्या त्या काळात एक योजना उलट्या दिशेने गेली, आणि तिचा उल्लेख इंग्लंडमधल्या लिखाणात पुष्कळदा एका वाक्यात उरकला जातो, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

इंग्लंडमध्ये असेच काही करायचे तर जागा डेव्हनमध्ये पाहावी, हे सुचवणारेही रवींद्रनाथच. १८७९ मध्ये, अठराव्या वर्षी, ते डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्कीला वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी आणि मुलांसोबत राहिले होते आणि तो मुलूख त्यांच्या मनात राहिला होता. (विलायतेला निघण्यापूर्वी इंग्रजी रीतभात शिकायला हा मुलगा मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.)

छप्पर आधी की गोठा आधी

एप्रिल १९२५ मध्ये लेनर्ड आणि डोरोथी यांचे लग्न झाले. त्याच वर्षी सुमारे ३०,००० पौंडांना डार्टिंग्टनची जहागीर खरेदी झाली. वाडा, आठशे एकरांवर जमीन, जुने रान, नदीकाठची कुरणे. त्या किमतीत उघड्या आभाळाखालचे एक दालनही आले.

आधी काय दुरुस्त करायचे, वाडा की शेती, हा प्रश्न लगेच उभा राहिला. दोघांनी दोन्ही कामे एकदम काढली, आणि इथेच या संस्थेचा स्वभाव ठरला. विल्यम वियर हे जुन्या इमारती न बिघडवता दुरुस्त करण्यात हयात घालवलेले वास्तुविशारद. त्यांनी एकेक भिंत धरून अंगण उभे केले आणि १९३० च्या दशकात मोठ्या दालनावर पुन्हा ओकचे छप्पर चढवले. लाकूड जहागिरीतल्याच झाडांचे होते.

शेतीत मात्र जुने जसेच्या तसे जपायचे नव्हते. एका शेतावर डेव्हनच्या रिवाजाप्रमाणे, पण काटेकोर हिशेबाने शेती करायची, आणि दुसरीकडे, ओल्ड पार्सनेज फार्मवर, डेन्मार्कहून आणलेल्या माणसाकडून डॅनिश पद्धतीची गोपैदास करवून घ्यायची, असा तुलनेचा डाव मांडला गेला. कोंबड्या, फळबागा, सायडर, रोपवाटिका, करवत गिरणी, लोकर विणायची गिरणी, बांधकाम खाते असे एकामागून एक विभाग निघाले. प्रत्येकाची खातेवही वेगळी. १९२९ मध्ये या धंद्यांसाठी ‘डार्टिंग्टन हॉल लिमिटेड’ ही कंपनी झाली आणि पाठोपाठ शिक्षण, कला आणि संशोधन यांच्यासाठी विश्वस्त निधी झाला. कंपनीने नफा करायचा, निधीने तो खर्चायचा, असा बेत होता.

बेत कागदावर सुरेख होता. प्रत्यक्षात १९२९ च्या शेवटी जगभर मंदी आली. अंड्यांचे, दुधाचे, लाकडाचे भाव पडले. अनेक विभाग वर्षानुवर्षे तोट्यात चालले आणि तूट डोरोथींच्या अमेरिकेतल्या पैशातून भरली जात राहिली. शेजारचे डेव्हनी शेतकरी याच मंदीत जमिनी सोडत होते. त्यांना डार्टिंग्टनचा धडा घ्या म्हणणे सोपे नव्हते, कारण धड्याच्या पाठीशी तिजोरी आहे हे त्यांना दिसत होते. गावातही बोलणी होत. प्रार्थनेला न जाणारी, नदीत कपड्यांविना पोहणारी, मुलांना हवे ते करू देणारी माणसे वाड्यात राहतात, असा लौकिक पसरला होता. त्यातले थोडे खरे होते. कामगारांना शेजारच्या शेतांपेक्षा चांगली घरे आणि बरी मजुरी मिळत होती, पण संध्याकाळी नाटक पाहणारे वेगळे आणि सकाळी धार काढणारे वेगळे, ही फळी पुरती कधी मोडली नाही. सुरूलला साहेब आणि विद्यार्थी एकच चर खणत होते. डेव्हनमध्ये तसा एकही नियम नव्हता. माझ्या मते डार्टिंग्टनचे सर्वांत मोठे उणे ते हेच, तोट्याचा नंबर त्यानंतर लागतो.

तरीही काही विभागांनी असे काम केले की त्याचा उपयोग डार्टिंग्टनच्या कुंपणाबाहेर झाला. हे विभाग रंगीत नव्हते, म्हणून त्यांची छायाचित्रे कमी सापडतात. पहिला हिशेबाचा. लिटरभर दूध काढायला चारा किती, मजुरी किती, गाय भाकड असताना किती, याचे रोजचे टाचण ठेवणारा शेती-अर्थशास्त्राचा विभाग इथे फार लवकर निघाला. जगभरच्या शेती-अर्थशास्त्रज्ञांची पहिली परिषद १९२९ मध्ये डार्टिंग्टनच्या अंगणातच भरली. त्यातून जी आंतरराष्ट्रीय संघटना झाली तिचे अध्यक्षपद एल्महर्स्टकडे १९३० पासून तीस वर्षांवर राहिले, आणि १९५८ मध्ये तिची परिषद म्हैसूरला झाली.

दुसरा विभाग वनांचा. ऑक्सफर्डला वनांचे अर्थशास्त्र शिकवणारे विल्फ्रेड हायली १९३१ मध्ये इथे आले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधली राने तोडली गेली होती आणि खासगी जमीनमालक झाडे लावायला तयार नव्हते, कारण लावणारा पीक पाहायला उरत नाही. हायलींनी रानाचाही शेतासारखा जमाखर्च मांडला : विरळणीतून निघणाऱ्या बारीक लाकडाला गिऱ्हाईक कोण, कोणत्या वर्षी कोणता पट्टा उतरवायचा, करवत गिरणीला सालोसाल माल कसा पुरवायचा. १९५४ मध्ये निघालेले त्यांचे वनव्यवस्थापनावरचे पुस्तक खासगी वने सांभाळणाऱ्यांच्या पिढीने वापरले. तिसरे काम १९४० च्या दशकातले, कृत्रिम रेतनाचे. चांगला वळू पाळणे लहान गोठ्यांना परवडत नाही. डार्टिंग्टनच्या केंद्रामुळे चार-पाच गाई असलेल्या शेतकऱ्यालाही उत्तम वळूची वासरे मिळू लागली. पाहुण्यांना दाखवायला यात काहीच नव्हते, पण डेव्हनच्या दुभत्या जनावरांवर याचा परिणाम नाटकांपेक्षा जास्त झाला असणार.

अंगणातले पाहुणे

नाटकांची आणि नाचांची हकिकत मोठी आहे, पण ती इतरत्र भरपूर लिहिली गेली आहे, म्हणून इथे आटोपती घेतो. १९२६ मध्ये शाळा निघाली. घंटा नाही, छडी नाही, सक्तीची प्रार्थना नाही. १९३१ ते १९५७ तिचे मुख्याध्यापक असलेल्या करी यांच्या काळात ती जगभर गाजली. मायकेल यंग या शाळेत आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे १९४५ च्या निवडणुकीचा मजूर पक्षाचा जाहीरनामा लिहिण्यात त्याचा मोठा हात होता, आणि मुक्त विद्यापीठाची कल्पना पुढे आणणाऱ्यांतही तो होता. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडलेल्या कुर्त योस यांचा नृत्यसंच १९३४ पासून इथे होता. मिखाईल चेखव यांनी १९३६ मध्ये नाट्यशाळा काढली. धान्याच्या जुन्या कोठाराचे नाट्यगृह करायचा आराखडा वॉल्टर ग्रोपियस यांनी केला.

हिंदुस्थानी पाहुण्यांचे सांगितले पाहिजे. रवींद्रनाथ इथे १९२६ आणि १९३० मध्ये येऊन राहिले. उदय शंकर यांचा ताफा १९३६ च्या उन्हाळ्यात इथे मुक्कामाला होता. त्या ताफ्याचे संगीत विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी सांभाळत. ताफ्यासोबत उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते, आणि त्यांच्यापुढे बसून शिकणारा सोळा वर्षांचा रविशंकर होता. नंतर उदय शंकर यांनी अल्मोड्याला जे केंद्र काढले त्यालाही एल्महर्स्ट दांपत्याचा पैसा होता.

या सगळ्याचा शेतीशी संबंध काय, असे तेव्हाही विचारले जाई. १९२७ पासून जहागिरीत ‘न्यूज ऑफ द डे’ नावाचे एक साधे पत्रक निघे. एकाच कागदावर गोठ्यातली बातमी, शाळेची सूचना आणि संध्याकाळच्या मैफलीची वेळ असे. संबंध होता तो एवढाच, आणि संस्थापकांना तो पुरेसा वाटत असावा.

१९४३ च्या दुष्काळानंतर एल्महर्स्टला पुन्हा बंगालने बोलावले. गव्हर्नर केसी यांचा शेतकी सल्लागार म्हणून १९४४-४५ मध्ये तो कलकत्त्यात होता. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदर नदीचे पूर, पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार व्हावा, हे त्याने तिथे लावून धरले. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये झाले. त्याआधी, १९४६ मध्ये, पंतप्रधान ॲटली यांनी देऊ केलेली उमरावकी त्याने नाकारली होती. वाड्यात राहणाऱ्याने उमरावकी नाकारावी यात गंमत आहे, पण हा वाडा त्याने आधीच विश्वस्तांच्या नावे केला होता.

डोरोथी १९६८ मध्ये वारल्या, लेनर्ड १९७४ मध्ये. त्यांच्यामागे तूट भरून काढणारे कोणी उरले नाही, आणि संस्थेचे खरे स्वावलंबन तिथून सुरू झाले असे म्हणायला हवे. १९६७ मध्ये उत्तर डेव्हनमधल्या टॉरिंग्टनला काढलेला काचकारखाना चांगला चालला. त्या भागात रोजगार नव्हता म्हणून तो तिथे काढला होता, आणि काच फुंकायचे ज्ञान तिथे नव्हते म्हणून कारागीर स्वीडनहून आणले होते. विणकामाची गिरणी गेली, काचकारखाना पुढे विकला गेला. शाळा १९८७ मध्ये बंद झाली. १९६१ मध्ये निघालेले कलामहाविद्यालय २०१० पर्यंत फालमथला हलले. १९९१ मध्ये शूमाखर महाविद्यालय सुरू झाले. त्याचे प्रमुख सूत्रधार सतीश कुमार, राजस्थानात जन्मलेले, विनोबांच्या भूदानात तरुणपणी चाललेले. तिथे विद्यार्थी स्वयंपाक करत, भांडी घासत, वाफ्यात खुरपत, आणि मग व्याख्यानाला बसत. सुरूलचा नियम डेव्हनला पोहोचायला सत्तर वर्षे लागली. तेही महाविद्यालय २०२४ मध्ये पैशाअभावी डार्टिंग्टनमधून बंद झाले.

शेती आता विश्वस्त स्वतः करत नाहीत, ती कुळांना खंडाने दिलेली आहे. जहागिरीत सुमारे बाराशे एकर जमीन आहे. डॅनिश पद्धतीच्या गाई जिथे होत्या त्या ओल्ड पार्सनेज फार्मवर अलीकडच्या काळात शेळ्यांचा दुग्धव्यवसाय चालला. ब्रॉडलियर्स नावाच्या मोठ्या शेतात २०१७ पासून वेगळा प्रयोग आहे : रांगांत झाडे, मधल्या पट्ट्यांत नेहमीचे पीक. जमीन कसणारा एक, झाडांचा मालक दुसरा. एल्डरची फुले सरबत करणारी कंपनी नेते, सफरचंदांचे गिऱ्हाईक निराळे. झाड पंधरा वर्षे उभे राहणार आणि कुळाचा करार त्याहून लहान, ही अडचण करारातच सोडवावी लागली. हायलींच्या वहीत हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत सापडावा. दालनावर १९३० च्या दशकातले ओकचे छप्पर आहे, त्याच्या डागडुजीचा खर्च दरसाल अंदाजपत्रकात येतो, आणि तो भागवण्यासाठी दालन लग्नांना आणि मैफलींना भाड्याने दिले जाते.